बाग ताणावर आहे

गेल्या मे महिन्यात आमच्या पुण्यातल्या घराला तीन आठवडे कुलूप होतं. गॅलरीत कुंडीत एक कागदी लिंबू आहे, माझ्या कंबरेइतकं. त्याला पाणी घालायची जबाबदारी कुणावर टाकून जायची हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि मग गाडी सुटायची वेळ झाली.

परत आले तेव्हा पिशव्या दारातच टाकून आधी गॅलरीत गेले. झाड उभं होतं. पानांनी अंग मिटून घेतलं होतं, मधल्या शिरेवर दुमडून होड्यांसारखी झाली होती. रंग उडालेला, पण हिरवाच. नवल म्हणजे खाली फरशीवर एकही पान नव्हतं. तीन आठवडे भट्टीसारख्या उन्हात त्या झाडानं एकही पान सोडलं नव्हतं. मला इतकं भरून आलं, की मी दोन बादल्या पाणी ओतलं. कुंडीखालची बशी भरून वाहिली, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर ठिबकलं, त्यांचंही ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशी हिरवी होती. पिवळी पडलेली, वाळलेली पानं नव्हेत. चांगली हिरवी पानं. फांदीला बोट लावलं तर टप टप आणखी चार पडली. नीट पाहिलं तर कित्येक पानांचे देठ फांदीवर तसेच होते आणि पान तेवढं देठाशी असलेल्या सांध्यातून निखळलं होतं. तहानेनं मरायला टेकलेलं असताना ज्यानं सगळं धरून ठेवलं, त्यानं पाणी मिळाल्यावर सगळं सोडून दिलं. हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना. मामांना फोन लावला.

माझ्या मामांची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "तुनं त्याले ताण देल्ला पोरी, अन् मंग एकाच दमात तोडला. ताण देणं सोपं आहे. तोडाले अक्कल लागते."

'ताण' हा शब्द आम्ही शहरात दिवसातून दहा वेळा वापरतो. ऑफिसचा ताण, पोरांच्या परीक्षांचा ताण, आणि तो घालवायला महागडे तेलाचे दिवे. आमच्या मामेघरी मात्र ताण हे शेतीचं एक काम आहे, वखरणी-डवरणीसारखं. संत्र्याला वर्षात केव्हाही थोडी थोडी फुलं येत राहतात. पण सगळं झाड एकाच वेळी फुलावर यायचं असेल, तर त्याआधी पाणी तोडावं लागतं. डिसेंबरात तोडलं आणि जानेवारीत सोडलं, तर अंबिया बहर. मे महिन्यात तोडलं आणि मृगाच्या पावसानं ताण तुटला, तर मृग बहर. जमीन भारी काळी असेल तर ताण बसायला वेळ लागतो, हलकी मुरमाड असेल तर चटकन बसतो. मामा रोज पहाटे बागेत जाऊन पानं बघतात. दुपारी पानं मलूल होणं त्यांच्या हिशेबी काहीच नाही. रात्रभराच्या गारव्यानंतरही सकाळी पान उघडलं नाही, की म्हणायचं ताण बसला. त्या दिवसांत कुणी विचारलं, की उत्तर एवढंच, "बाग ताणावर आहे." घरात कुणी आजारी असल्यासारखा आवाज असतो. मग वखरणी, आळी करणं, शेणखत, आणि पहिलं पाणी अगदी हलकं. जीभ ओली करण्यापुरतं. भरपूर पाणी त्यानंतरच्या पाळीला.

"झाडाले मराची भीती दाखवा लागते," मामा म्हणतात. "मारा नाई लागत."

दोन बादल्यांचं प्रकरण मात्र मनातून जाईना, म्हणून शोधत बसले, आणि उत्तर सापडलं ते स्पेनमध्ये. १९९२ साली तुदेला आणि प्रिमो-मिलो या दोन स्पॅनिश संशोधकांनी क्लिओपात्रा नावाच्या संत्र्याच्या रोपांवर जे केलं, ते मी अजाणता गॅलरीत केलं होतं. रोपांचं पाणी तोडलं, पानं सुकली पण गळाली नाहीत. पाणी दिलं, आणि मग पानं गळाली. त्याचं कारण असं. तहानेच्या दिवसांत मुळं एक पदार्थ साठवत असतात, त्याचं नाव लांबलचक आहे म्हणून सगळे त्याला एसीसी म्हणतात. वर जायला पाण्याचा प्रवाहच नसल्यामुळे तो मुळांमध्येच अडकून पडतो. पाणी मिळालं, प्रवाह सुरू झाला, की साठलेलं सगळं एसीसी एका लोंढ्यात पानांपर्यंत पोचतं, आणि तिथे त्याचा वायू होतो. इथिलीन. हा वायू पानाच्या सांध्यातल्या पेशींना सुटायला लावतो. पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं तिथे तयार होतात आणि पान निखळतं.

म्हणजे वाईट बातमी तीन आठवडे मुळाशी येऊन पडली होती. मी पाणी ओतलं तेव्हा ती पोचली.

इथिलीन हा फार जुना आणि फार साधा वायू आहे, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, बस. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावर गॅसचे दिवे आले, तेव्हा जमिनीखालच्या नळ्या जिथे गळत तिथली झाडं अवेळी पानं टाकत. कारण ठाऊक नव्हतं. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह नावाच्या तरुणाला दिसलं, की प्रयोगशाळेत उगवलेली वाटाण्याची रोपं वर जायच्या ऐवजी जाड होऊन आडवी पसरतात, आणि बाहेरच्या हवेत नेली की सरळ वाढतात. त्यानं चिकाटीनं शोधून काढलं, की दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन हे करतं. झाड स्वतःच हा वायू बनवतं हे मात्र कळायला १९३४ उजाडलं. रिचर्ड गेन यानं पिकणाऱ्या सफरचंदांतून तो निघतो हे दाखवून दिलं.

कोकणात मात्र हे सगळं नाव न देता चालूच होतं. भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी लावायची ती एवढ्यासाठीच, की एका आंब्यातून निघालेला वायू बाहेर उडून न जाता शेजारच्या आंब्याला लागावा. आढीत हात घातला की जो ऊबदार वास येतो तो इथिलीनचा नव्हे, तो आंब्याचा. इथिलीन त्याच्या आधी येऊन काम करून गेलेलं असतं. बाजारात कॅल्शियम कार्बाईडच्या पुड्या ठेवून आंबे पिकवतात, ती याच वायूची नक्कल, त्यातून ॲसिटिलीन निघतं. कायद्यानं बंदी आहे, आणि तरी वास न येणारा पिवळाधमक आंबा दरवर्षी कुणीतरी घरी आणतोच.

सोलापूरकडचे डाळिंबवाले तर एक पाऊल पुढे. ताण बसला की ते इथरेलची फवारणी घेतात. हे औषध पानात शिरून तिथे इथिलीन सोडतं, पानगळ एकसारखी होते, मागोमाग बहर एकसारखा फुटतो. झाड जो वायू घाबरून काढतं, तो बाटलीत भरून त्याच्यावर मारायचा! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा जरा शिरशिरी आली. डाळिंब खाणं काही सोडलं नाही.

मी त्या दिवशी फरशीवरची पानं गोळा केली आणि सवयीनं एक चुरगाळून नाकाशी नेलं. लिंबाचा वास आलाच. पान उजेडाकडे धरलं की जे बारीक टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. फुटल्या की वास. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी, आणखी एक वास येतो. हिरवा. त्याला दुसरा शब्द नाही. मामेघरी गोठ्याशेजारी कुट्टीची मशीन आहे, तिच्यात हिरवी ज्वारी लोटली, की चाक फिरायला लागल्याबरोबर सगळ्या अंगणभर तोच वास पसरतो. सुट्टी लागल्याचा वास म्हणून तो माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. कुणी ताजं गवत कापलं तरी मला उगाच आनंद होतो.

आणि तो काय असतो? पान फाटलं की पेशींच्या पडद्यातली चरबी सुटी होते, विकरं तिचे तुकडे पाडतात, आणि काही सेकंदांत हेक्सेनाल नावाचा हलका पदार्थ हवेत उडतो. त्यातून पुढे त्याचे भाऊबंद. गवतापासून लिंबापर्यंत बहुतेक सगळी हिरवी झाडं जखम झाली की हीच मंडळी बाहेर काढतात. पाऊस न पडल्यानं, उष्म्यानं, थंडीनं पेशी फाटल्या तरी हाच वास, फक्त कमी. माझ्या सुट्टीचा वास म्हणजे ज्वारीची जखम होती. इतक्या वर्षांनी हे कळून त्या वासाचा आनंद कमी झाला का, तर नाही झाला.

जखम कुणी केली हेही झाडाला काही प्रमाणात कळतं. १९९० साली टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी अमेरिकेत मक्याच्या रोपांवर दाखवलं, की पान नुसतं कापलं तर एक वास, आणि कापलेल्या जागी अळीची लाळ लावली, की काही तासांनी निराळा, खूप जास्त वास. त्या वासावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या येतात, त्यांची पिल्लं अळी आतून खातात. ही अळी आपल्याकडे २०१८पासून मक्यावर धुमाकूळ घालणाऱ्या लष्करी अळीची चुलत बहीण. १९९७ साली त्या लाळेतला नेमका पदार्थही सापडला.

इथे आलं की व्हॉट्सॲपवरची एक जमात जागी होते. झाडं बोलतात, झाडं रडतात, झाडं एकमेकांना हाक मारतात, आणि हे आपल्या जगदीशचंद्र बोसांनी आधीच सांगितलं होतं. बोसांचं काम झाडातल्या विजेच्या संदेशांचं होतं, ते मोठंच आहे, त्याला वासाची शेपूट लावायची गरज नाही. 'बोलणारी झाडं' हे प्रकरण १९८३चं. बाल्डविन आणि शुल्झ यांनी कुंड्यांतल्या रोपांवर दाखवलं, की शेजारच्या रोपाची पानं फाडली तर न फाडलेल्या रोपाचंही रसायन बदलतं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, मग जाणकारांनी झोडपलं, पुढे बरीच वर्षं त्या विषयाचं नाव काढायची सोय नव्हती. १९९० साली फार्मर आणि रायन यांनी बंद काचपात्रात टोमॅटोच्या रोपांशेजारी सेजब्रश नावाच्या रानझुडपाच्या नुसत्या फांद्या ठेवल्या. फांद्यांतून उडणाऱ्या मिथाइल जास्मोनेटनं टोमॅटोच्या पानांत कीटकांचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली. जास्मोनेट हे नाव जाई-चमेलीवरून पडलं आहे. चमेलीच्या अत्तरात तो पदार्थ आधी सापडला, म्हणून. केसात माळायच्या फुलातला सुगंध दुसऱ्या झाडासाठी धोक्याची घंटा असू शकतो, हे मला कुठल्याही 'झाडं रडतात'पेक्षा जास्त चकित करतं.

पण याला बोलणं म्हणावं असं मला वाटत नाही. बोलणाऱ्याला काही सांगायचं असतं. जखमी फांदीचा वास आधी तिच्याच दुसऱ्या फांदीला उपयोगी पडतो. झाडाच्या आतल्या नळ्यांनी बातमी वळसा घेत जाते, हवेतून ती वाऱ्यावर जाते. शेजारचं झाड फक्त कानोसा घेतं. आमच्या वाड्यात भिंती पातळ होत्या. पलीकडे भांडी आदळली की आमची आई भाजीत पाणी वाढवायची, कारण थोड्या वेळात पलीकडची पोरं जेवायला इकडे येणार हे ठरलेलं. पलीकडच्या काकू आईला काही सांगत नव्हत्या.

कानोसा कोण घेईल यावर झाडाचा काही ताबा नसतो, आणि संत्र्याच्या बाबतीत ते महागात पडतं. ग्रीनिंग हा संत्र्याचा नासका रोग. पानं कुठे पिवळी कुठे हिरवी, फळ लहान, वाकडं, बुडाशी हिरवंच. तो सिल्ला नावाच्या तिळाएवढ्या किडीमार्फत पसरतो. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं, की रोगट झाडातून मिथाइल सॅलिसिलेट जास्त उडतं, आणि त्या वासावर निरोगी सिल्ला येतात. येऊन रस पितात, रोगाचे जंतू पोटात घेतात. पण रोगट झाडाच्या रसात दम नसतो, म्हणून थोड्याच काळात उठून शेजारच्या निरोगी झाडावर जातात. जंतूला आणखी काय हवं? पाहुण्यांना खोटं आवतण, आणि जेवण असं की पाहुणा टिकू नये.

मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे गंधपुऱ्याचं तेल. कंबर दुखली की चोळतो त्या मलमाचा तो झणझणीत वास. मामींचा तळघरापासून माडीपर्यंत दरवळणारा वास. मामांना फोनवर हे सांगितलं, की तुमचं रोगट झाड मलमाचा वास सोडतं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याले येत नाई तो. येत असता तं किती झाडं वाचवली असती."

माणसाच्या नाकाला येत नाही अशा गोष्टींत सगळ्यात मोठी म्हणजे आयसोप्रीन. १९५०च्या दशकात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या जॉर्जियात ग्विवी सानाद्झे यांनी पानांतून ते निघताना पकडलं. निलगिरी, पॉप्लर, ओक, वड-पिंपळाच्या कुळातली कित्येक झाडं दिवसाउजेडी ते हवेत सोडत असतात. पृथ्वीवरची झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन. रबर ज्या विटांचं बनतं तीच ही वीट. झाड एवढा कमावलेला कार्बन का उधळतं, याचं एक बऱ्यापैकी पटलेलं उत्तर थॉमस शार्कींच्या कामातून आलं. अचानक चढलेल्या उष्म्यात पानाची अन्न बनवायची यंत्रणा त्यानं तग धरते. थंड दिवशी हा खर्च किरकोळ, उन्हाबरोबर वाढत जाणारा. दुष्काळात तर आणखी एक गोष्ट होते. पानाची छिद्रं मिटतात, कमाई जवळपास थांबते, आणि आयसोप्रीन बरेच दिवस चालूच राहतं. साठवणीतून काढून. मला हे वाचताना मामांचं एक वर्ष आठवलं.

त्या वर्षी त्यांनी मृगासाठी बाग ताणावर सोडली आणि मृग कोरडा गेला. आर्द्राही. वरूड-मोर्शीकडे जमिनीतलं पाणी उपसून उपसून तळाला गेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामांची जुनी बोअर आटली, नवी ९०० फूट नेली तरी पांढरा फुफाटाच निघाला. टँकर विकत घेऊन झाडाला झाड मोजून पाणी घातलं. त्याच महिन्यात मामेबहिणीचं लग्न ठरलेलं होतं, ते ठरल्या तारखेला आणि ठरल्यासारखंच झालं. मांडवात मामा नव्या धोतरात सगळ्यांना आग्रह करत होते. बागेत बावीस झाडं गेली. जी गेली त्यांची पानं गळाली नव्हती, ती फांदीवरच कडक वाळून खडखडत होती. गळायलाही पाणी लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

माझ्या लिंबाची पानं गळाली म्हणजे ते जगणार, असा याचा अर्थ. मामांनी सांगितलं तसं मग थोडं थोडं पाणी घातलं, मूठभर शेणखत घातलं. नुसत्या काट्यांचं झाड महिनाभर गॅलरीत उभं होतं. खालच्या काकू म्हणाल्या, आता ते टाका आणि मोगरा लावा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक काट्याच्या बगलेत जांभळट कोंब दिसला, आणि कोंबांबरोबर कळ्या. इतक्या कळ्या त्या झाडाला कधी आल्या नव्हत्या.

लिंबाच्या फुलाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगता येत नाही. आधी गोड, मग स्वच्छ धुतल्यासारखा, आणि फार जवळ गेलं तर तळाशी किंचित काहीतरी कुबट, जिवंत. गोडी लिनालूलची, आणि तो तळ इंडोलचा. इंडोल जास्त झालं तर शेणाचा वास येतो, चिमूटभर असेल तर फूल खरं वाटतं. अळीनं कुरतडलेला मका हवेत जे सोडतो त्याच्या यादीत हीच दोन नावं मला सापडली, लिनालूल आणि इंडोल. मधमाशीला बोलावताना आणि अळी चढल्यावर, झाडाच्या तोंडी शब्द तेच. बापडं नवे कुठून आणणार?

संध्याकाळी मामांचा फोन आला. फुलं आली म्हणून मी उड्या मारत सांगितलं.

"खुडून टाक," ते म्हणाले. "अशक्त झाड आहे. घाबरून फुललं ते. या साली फळ धरलं तं मरन."

मी पायऱ्यांचं स्टूल घेतलं आणि एकेक कळी नखानं खुडली. काटे लागले. पाऊस बारीक पडत होता, आणि ओंजळीतल्या कळ्यांचा, तुटलेल्या कोवळ्या पानांचा, असा सगळा मिळून वास खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण काकूंनी वर तोंड करून विचारलं, कुठलं अत्तर हो हे.

रात्री मामांनी पुन्हा विचारलं, "खुडली का सगळी?"

"दोन ठेवली."

पलीकडे जरा वेळ नुसता पावसाचा आवाज. "बरं मंग," मामा म्हणाले, "आता पानी तोडू नको त्याचं."